हँगरमधून धावपट्टीवर : विमान अभियंत्याचे उड्डाणशिक्षण

पहाटेच्या वेळी विमानतळावर उभ्या असलेल्या एखाद्या प्रवासी विमानाभोवती दोन माणसे फेरी घालताना दिसतात. पहिला असतो देखभाल अभियंता. रात्रभर त्याने चाके, ब्रेक, इंजिनाची पाती, तेलाची पातळी, दिवे असे सारे तपासलेले असते, आणि शेवटी विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत त्याने सही केलेली असते. ही सही झाल्याखेरीज विमान जागचे हलू शकत नाही. दुसरा असतो वैमानिक. तो सही पाहतो, स्वतः एक फेरी मारतो आणि आत जाऊन बसतो. मग दार लागते, इंजिने सुरू होतात. अभियंता पुढच्या चाकाजवळ लावलेली पिन काढून वैमानिकाला दिसेल अशी उंच धरतो, हात करतो आणि बाजूला होतो. विमान निघून जाते, अभियंता मात्र जमिनीवरच राहतो. वीस-वीस वर्षे विमानांच्या सहवासात काढूनही ज्यांनी स्वतः कधी विमान उडविलेले नाही, अशी बहुसंख्या या व्यवसायात आढळते.

यांपैकी काहींना वयाच्या चाळिशीत उड्डाण शिकावेसे वाटते. ही इच्छा हौसेची आहे असे वरवर पाहता वाटेल. परंतु ज्या यंत्राच्या सुरक्षिततेवर आपण रोज सही करतो, ते यंत्र हवेत कसे वागते हे स्वतःच्या हातांनी अनुभवावे, या इच्छेत व्यवसायनिष्ठेचाही मोठा भाग असतो. असे शिक्षण घेताना अभियंत्याचे जुने ज्ञान कोठे उपयोगी पडते आणि कोठे आडवे येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विमानविद्येशी ज्यांचा संबंध नाही अशा शिक्षकांना व अधिकाऱ्यांनाही त्यातून काही हाती लागेल, असे वाटते. जाणत्या वयात पुन्हा विद्यार्थी होण्याचा प्रसंग आज अनेकांवर येतो.

पहिला मेकॅनिक

अभियंता आणि वैमानिक यांच्यातील ही वाटणी विमानाच्या जन्माइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील डेटन येथे राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात चार्ल्स टेलर नावाचा कारागीर १९०१ मध्ये कामाला लागला. राइट बंधूंना आपल्या विमानाकरिता हलके इंजिन हवे होते आणि तसे तयार करून देणारा कारखानदार मिळेना. टेलरने सुमारे सहा आठवड्यांत दुकानातल्याच हत्यारांनी चार सिलिंडरचे, ॲल्युमिनियमच्या पेटीचे, सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन बनवून दिले. त्याच इंजिनावर १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण झाले. पुढे टेलरलाही विमान चालविण्यास शिकावेसे वाटले, पण राइट बंधूंनी त्याला उत्तेजन दिले नाही. तो उडू लागला तर कारखान्यातील काम कोण करणार, ही त्यांची अडचण होती. आज अमेरिकेत पन्नास वर्षे निर्दोष सेवा केलेल्या विमान कारागिरांना टेलरच्या नावाने गौरविण्यात येते. परंतु विमानविद्येतील हा पहिला मेकॅनिक वैमानिक मात्र झाला नाही.

उलट उदाहरण ॲमी जॉन्सन या इंग्रज तरुणीचे. ही कलाशाखेची पदवीधर. (प्रस्तुत लेखकाला तिच्याविषयी विशेष आपुलकी वाटण्याचे हेही एक कारण आहे.) लंडनमध्ये वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करता करता तिने १९२९ च्या जुलैमध्ये वैमानिकाचा परवाना मिळविला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्राउंड इंजिनिअरचाही. हा दुसरा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. ५ मे १९३० रोजी ती एका जुन्या जिप्सी मॉथ विमानातून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली. वाटेत इंधन संपत आले म्हणून तिला झाशी येथे लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. रंगूनजवळ इनसीन येथील तांत्रिक विद्यालयाच्या मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात जाऊन त्याचा पंखा व पंख जायबंदी झाले, तेव्हा तेथील मंडळींच्या साहाय्याने दुरुस्ती करून ती पुढे गेली. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. त्या काळी अशा प्रवासात वैमानिक आणि कारागीर ही दोन माणसे वेगळी असणे परवडणारे नव्हते. विमाने मोठी झाली, त्यातील यंत्रणा वाढल्या, तसे दोन व्यवसाय अलग झाले आणि मधली भिंत उंच होत गेली.

नियमांची चौकट

आपल्या देशात दोन्ही परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. अभियंत्याचा परवाना श्रेणीनिहाय असतो. टर्बाइन इंजिनाच्या विमानांची बी-१.१ श्रेणी, पिस्टन इंजिनाच्या विमानांची बी-१.२, तर विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची बी-२. वैमानिकाच्या बाजूस प्रथम विद्यार्थी वैमानिक परवाना, मग खासगी वैमानिक परवाना व त्यानंतर व्यावसायिक परवाना अशा पायऱ्या आहेत. खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यात दूर अंतराचा एकट्याचा प्रवासही असतो, आणि अशा एका फेरीत निदान १५० सागरी मैल जाऊन वाटेत दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरावे लागते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास, त्यातील १०० तास विमानाची सर्व जबाबदारी स्वतःकडे असताना केलेले. खासगी परवान्यास द्वितीय वर्गाची वैद्यकीय तपासणी पुरते, व्यावसायिकास प्रथम वर्गाची आवश्यक असते.

लेखी परीक्षेत हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान हे विषय येतात. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. यातील तांत्रिक विषय अभियंत्याला हातचा मळ वाटतो यात नवल नाही, कारण वायुगतिशास्त्र, इंजिन, प्रोपेलर, हवाई कायदा, एवढेच नव्हे तर मानवी चुकांचे शास्त्रही त्याने आपल्या परवान्यासाठी अभ्यासलेले असते. नव्याने बसावे लागते ते हवामान आणि दिशादर्शन यांच्या पुस्तकांपुढे. जमिनीवर काम करणाऱ्याला ढग म्हणजे पाऊस येणार की नाही एवढाच प्रश्न. उडणाऱ्याला ढगाचा तळ किती उंचीवर आहे, तो वाढतो आहे की विरतो आहे, हे पाहावे लागते.

येथवर सारे पुस्तकाचे झाले.

त्रेचाळिसाव्या वर्षीचा विद्यार्थी

माझ्या परिचयाचे एक अभियंता आहेत. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभालीत वीस वर्षे गेलेली, वय त्रेचाळीस. राज्यातील एका लहान धावपट्टीवर त्यांनी सुट्ट्या काढून उड्डाणशिक्षण घेतले. आपल्या राज्यात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी अशा प्रशिक्षणाच्या सोयी उभ्या राहिल्या आहेत, आणि आसपासच्या गावांतील मुलांना आता डोक्यावरून घिरट्या घालणाऱ्या विमानाचे फारसे अप्रूप उरलेले नाही. त्या धावपट्टीवर मी त्यांच्यासमवेत तीन-चार वेळा गेलो, आणि पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे.

त्यांच्या प्रशिक्षिका सव्वीस वर्षांच्या. त्या यांना ‘सर’ म्हणत आणि हे त्यांना ‘मॅडम’. पहिल्याच दिवशी उड्डाणपूर्व तपासणीला आमच्या मित्रांनी चाळीस मिनिटे लावली. विमान होते सेसना १५२, दोन आसनांचे, चार सिलिंडरचे कार्बोरेटर असलेले इंजिन. त्यांनी टाकीच्या तळातून इंधनाचा नमुना काढून त्यात पाणी आहे काय ते उजेडात धरून पाहिले, तेलाची पट्टी पुसून दोनदा बुडविली, फ्लॅपच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या, नटांना बांधलेली लॉकवायर योग्य दिशेने पिळलेली आहे की नाही हेही निरखले. मॅडम घड्याळाकडे पाहत उभ्या. शेवटी त्या म्हणाल्या, “सर, विमान तुम्हाला पास करायचं नाहीये, ते पास झालेलं आहे. तुम्ही फक्त ते आज उडण्याजोगं आहे का, एवढं बघा.”

हे वाक्य त्यांना प्रथम बोचले. त्यातही गंमत अशी की, शेकडो प्रवासी नेणाऱ्या जेट विमानावर सही करण्याचा त्यांना अधिकार होता, पण त्यांच्या परवान्याची श्रेणी टर्बाइनची असल्याने या छोट्या पिस्टन विमानाच्या एका स्क्रूबद्दलही सही करण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. या हँगरमध्ये ते केवळ विद्यार्थी होते.

हवेत गेल्यावर अडचण वेगळीच निघाली. अभियंत्याचे डोळे मोजमापांच्या तबकड्यांकडे ओढले जातात. तेलाचा दाब किती, तापमान किती, इंजिनाचे फेरे किती. आयुष्यभर त्याने जमिनीवर उभ्या विमानात बसून इंजिने चालवून पाहिलेली असतात, आणि त्या वेळी बाहेर पाहण्यासारखे काही नसतेच. वैमानिकाने, निदान नवशिक्या वैमानिकाने, बाहेर पाहावयाचे असते. क्षितिजाची रेघ विमानाच्या नाकाच्या किती वर आहे यावरून विमान चढते आहे, उतरते आहे की समतल चालले आहे ते समजते. दुसऱ्या धड्यात मॅडमनी सरळ नकाशा उघडून तबकड्यांवर झाकण घातले. आमचे मित्र सांगतात, पाचएक मिनिटे आपण आंधळे झालो आहोत असे वाटले, आणि नंतर प्रथमच दिसू लागले.

उतरण्याच्या धड्याने तर त्यांची पुरती परीक्षा पाहिली. धावपट्टीजवळ आल्यावर शक्ती कमी करावयाची, नाक हळूहळू उचलावयाचे, आणि वेग सरता सरता मागची दोन चाके टेकतील असे विमान धरून ठेवावयाचे. याला फ्लेअर म्हणतात. पंखाचा हवेशी होणारा कोन वाढला की उचल कशी वाढते, आणि मर्यादेपलीकडे कशी एकदम ढासळते, हे ते फळ्यावर आकृती काढून कोणालाही समजावू शकले असते. परंतु नाक नेमके केव्हा आणि किती उचलावयाचे, याचे उत्तर आकृतीत नसते. कधी त्यांनी पाच-सहा फूट वर असतानाच विमान सपाट केले आणि ते धपकन आदळले. कधी उशीर झाला आणि चेंडूसारखे उसळले. दर आदळण्यासरशी त्यांच्या डोळ्यांपुढे चाकाच्या आधाराची दांडी, तिचे बोल्ट आणि त्यातली संभाव्य भेग येई, आणि पुढच्या खेपेस हात अधिकच ताठ होई. जो यंत्राची वेदना जाणतो त्याला यंत्राशी चुका करीत शिकणे जड जाते. कोरी पाटी घेऊन आलेली अठरा वर्षांची मुले त्यांच्याआधी हा धडा शिकली, ही गोष्ट त्यांनी मला हसत सांगितली, पण त्या दिवसांत ते हसत नसावेत.

उपाय साधा होता. नजर धावपट्टीच्या जवळच्या टोकावरून उचलून पार दूरच्या टोकाकडे न्यावयाची. दूर पाहिले की जमीन वर येत असल्याची जाणीव डोळ्यांच्या कडांना आपोआप होते. सायकल शिकणाऱ्या पोराला आपण पुढच्या चाकाकडे बघू नकोस म्हणतो, तसेच हे. पण ते कळून हातात उतरायला त्यांना तेरा तास लागले.

दीड मिनिट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अभियंत्याचा धर्म आहे थांबविणे. काही शंका आली तर काम थांबवावे, विमान अडकवून ठेवावे, पुस्तक उघडावे, भाग सुटा करावा, मोजावा, वरिष्ठांना विचारावे. उशीर झाला तरी चालेल, संशय राहता कामा नये. या वृत्तीवरच विमान प्रवासाची सुरक्षितता उभी आहे. वैमानिकाला मात्र थांबता येत नाही. ज्या क्षणी चाके जमीन सोडतात, त्या क्षणापासून हाताशी असलेल्या माहितीवर, ती अपुरी असली तरी, वेळेत निर्णय घेणे त्याला भाग असते.

इंजिन बंद पडल्याचा सराव करताना हे प्रकर्षाने दिसते. जमिनीपासून १,००० फूट उंचीवर प्रशिक्षिका थ्रॉटल मागे ओढतात आणि म्हणतात, इंजिन गेले. सेसना १५२ अशा वेळी ताशी ६० सागरी मैलांच्या वेगाने घसरत राहिले तर सुमारे दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर जाते. वेळ मिळतो जेमतेम दीड मिनिट. पहिल्या खेपेस आमच्या मित्रांनी या दीड मिनिटातील बराचसा भाग इंजिन का बंद पडले असावे याच्या विचारात घालविला. इंधन? मॅग्नेटो? कार्बोरेटरमध्ये बर्फ? कारणे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती, म्हणून यादीही लांब झाली. तोवर वेग घटत होता आणि खाली उतरण्याजोगे शेत मागे पडले होते. मॅडमनी थ्रॉटल पुढे केले आणि एवढेच विचारले, “सर, कारण सापडलं. उतरणार कुठे?”

शिकविला जाणारा क्रम असा : प्रथम विमान उडते ठेवा, म्हणजे योग्य वेग धरा, मग उतरण्याची जागा ठरवून तिकडे वळा. एवढे झाल्यावर वेळ उरला तर इंधनाची कळ, कार्बोरेटरची उष्णता, मिश्रण, मॅग्नेटो हे ठराविक क्रमाने पाहा, आणि रेडिओवर बोलणे त्यानंतर. निदानाला स्थान आहे, पण ते तिसरे.

हा क्रम मोडल्याची किंमत विमानविद्येने मोजलेली आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे ट्रायस्टार विमान उतरण्याच्या तयारीत असता पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याचा दिवा लागेना. विमान २,००० फुटांवर स्वयंचलित यंत्रणेच्या स्वाधीन करून सर्वजण त्या दिव्याच्या मागे लागले. विमानात कंपनीचा एक देखभाल तज्ज्ञ होता, तोही खाली जाऊन चाक पाहू लागला. या गडबडीत उंची धरून ठेवणारी यंत्रणा नकळत सुटली आणि विमान संथपणे खाली येत राहिले. कोणाच्या ते वेळेवर लक्षात आले नाही. दलदलीत कोसळलेल्या त्या विमानातील १७६ पैकी १०१ माणसे दगावली. चाक व्यवस्थित खाली आलेले होते. दिव्याचे बल्ब तेवढे गेले होते. तज्ज्ञ माणसांचे लक्ष एका बिघाडाने कसे बांधून टाकले जाते याचे हे उदाहरण जगभर वैमानिकांना शिकविले जाते. माझ्या मते ते अभियंत्यांनाही तितक्याच आग्रहाने शिकवावयास हवे.

वय, पैसा आणि पावसाळा

चाळिशीनंतर शिकणाऱ्याच्या काही अडचणी उघड आहेत. जवळचे दिसण्यास चष्मा लागतो. चष्म्याला मनाई नसते, मात्र उड्डाणात एक जादा चष्मा जवळ बाळगावा लागतो. वैद्यकीय तपासण्यांतील अंतर वयानुसार कमी होते. कानावर पडलेले लगोलग रेडिओवर परत म्हणणे तरुणांना सोपे जाते, पोक्त माणसाला ते घोकावे लागते. तथापि खरी अडचण स्मरणशक्तीची नसून खंडाची असते. नोकरी सांभाळून महिन्यातून दोनदा तासभर उडणारा माणूस प्रत्येक खेपेस मागचा धडा पुन्हा गिरवतो, आणि ४० तासांचे काम ६० तासांवर जाते. त्यात आपल्याकडे जूनपासून चार महिने ढग खाली आलेले. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या शिकाऊ विमानाला त्या काळात अनेक दिवस जमिनीवरच काढावे लागतात. म्हणून रजा साठवून हिवाळ्यात सलग पाच-सहा आठवडे शिकणे, हाच मार्ग त्यातल्या त्यात स्वस्त पडतो असे आमच्या मित्रांचे मत झाले.

रात्रपाळी करून थेट धावपट्टीवर येणे हा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. थकव्याने होणाऱ्या चुका कोणत्या, हे अभियंत्याला शिकवलेले असते. तरीही पैसे भरलेले, विमान राखून ठेवलेले, आकाश निरभ्र, अशा वेळी तो स्वतःला सूट देतो.

व्यावसायिक परवाना काढून विमान कंपनीत वैमानिक व्हावे काय, असा प्रश्न अनेकजण विचारतात. एकाहून अधिक वैमानिक असलेल्या व्यावसायिक उड्डाणात वयाची मर्यादा ६५ वर्षे आहे. कागदावर पाहता चाळिशीच्या माणसास वीस वर्षे मिळतात. परंतु २०० तासांचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो, पुढे विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण वेगळे, आणि नोकरीच्या दारात त्याच्या शेजारी वीस-बावीस वर्षांची मुले उभी. घरातील मुलांची शिक्षणे याच सुमारास ऐन भरात आलेली असतात. ज्याच्या हाती उत्तम परवाना आणि स्थिर नोकरी आहे, त्याने घर गहाण टाकून हा डाव खेळावा असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. खासगी परवान्यापर्यंत शिकणे ही गोष्ट निराळी. तेथे मिळणारी वस्तू पगारात मोजावयाची नसते.

हवेतच असणारा बिघाड

ती वस्तू कोणती, याचे एक उदाहरण देतो. वैमानिक उतरल्यावर नोंदवहीत बिघाड लिहितो, त्याला या व्यवसायात सर्वत्र ‘स्नॅग’ म्हणतात. ‘इंजिन अडखळते’ असा स्नॅग लिहिला जातो. अभियंता इंजिन सुरू करून पाहतो, ते सुरळीत चालते, आणि तो खाली लिहितो, ‘जमिनीवर तपासले, समाधानकारक’. वैमानिकाला वाटते, याने नीट पाहिलेच नाही. अभियंत्याला वाटते, याला भास झाला. हा संवाद जगातील बहुतेक हँगरांत झालेला आहे.

एके सकाळी आमच्या मित्रांच्याच हाताखाली इंजिन अडखळले. पाऊस नुकताच सरलेला, हवा दमट, आणि ते कमी शक्तीवर खाली उतरत होते. इंजिनाचे फेरे हळूहळू घटले आणि थरथर सुरू झाली. मॅडमनी कार्बोरेटरला उष्ण हवा देणारी कळ ओढावयास सांगितले. फेरे आणखी घटले, इंजिन दोन-चार वेळा ठसकले, आणि मग पूर्ववत झाले. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात हवा वेगाने जाते, इंधनाची वाफ होते, आणि या दोहोंमुळे तापमान वीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. म्हणूनच बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही, हवा पुरेशी दमट असेल तर, आत बर्फ धरतो. विमान उतरून हँगरपर्यंत येईतो तो बर्फ इंजिनाच्या उष्णतेने वितळून गेलेला असतो. अभियंता झाकण उघडून पाहतो तेव्हा तेथे काहीच नसते. दोघांचेही खरे असते.

हे त्यांनी पुस्तकात वाचलेले होते. त्यावर परीक्षाही दिली होती. पण त्या सकाळनंतर आपल्या नेहमीच्या कामावर, जेथे कार्बोरेटरचा संबंधही नाही अशा जेट विमानांवर, त्यांची विचारण्याची पद्धत बदलली. स्नॅग लिहिणाऱ्या वैमानिकाला ते आता विचारतात : उंची किती होती? चढत होता की उतरत होता? शक्ती किती? ढगात होता काय? किती वेळ टिकले, आणि कशाने थांबले? पूर्वी ते नोंदवहीतील एक ओळ वाचून हत्यारांची पेटी उचलीत. एवढाच फरक, पण त्यामुळे निष्कारण बदलले जाणारे भाग वाचतात आणि खरा दोष लवकर सापडतो, असा त्यांचा अनुभव आहे.

शिक्षणाने उलट बाजूही त्यांना दिसली. तीन आठवडे खोळंबून मिळालेल्या एका दिवशी, उड्डाणापूर्वी इंजिन १,७०० फेऱ्यांवर नेऊन मॅग्नेटो तपासताना डाव्या मॅग्नेटोवर फेरे १२५ च्या मर्यादेहून थोडे अधिक घसरले. स्पार्क प्लगवर काजळी धरली की असे होते. मिश्रण पातळ करून इंजिन थोडे चालविले की काजळी पुष्कळदा जळून जाते. त्यांनी तसे केले. काटा मर्यादेच्या किंचित आत आला, पुन्हा बाहेर गेला. आकाश स्वच्छ होते. “त्या दिवशी मला वैमानिक कसा विचार करतो ते कळलं,” ते म्हणाले. “मी काट्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागलो. जरा या बाजूने पाहिलं तर आत दिसतोय, असं.” मग त्यांनी इंजिन बंद केले आणि त्या विमानाच्या अभियंत्याला बोलावले. प्लग बदलण्यात सकाळ गेली आणि पाळी दुसऱ्याची आली. प्लगच्या बाबतीत आपल्याकडची एक जुनी गोष्ट आहे. १९३० मध्ये आगाखान पारितोषिकाच्या शर्यतीत जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे, तर अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून कराचीकडे एकट्याने निघाले होते. इजिप्तमध्ये अबुकीर येथे अस्पी प्लगअभावी अडकून पडलेले जे. आर. डीं.ना भेटले. त्यांनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले, आणि शर्यत अस्पींनी जिंकली. पुढे ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

ग्रामपंचायतीच्या वाचकांसाठी जाता जाता एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. शिकाऊ विमान कमी उंचीवर, कमी वेगाने आणि पुनःपुन्हा त्याच मार्गाने फिरते, आणि ते चालविणाऱ्याचे सारे ध्यान हातातल्या धड्यात असते. धावपट्टीवर शिरलेले एखादे वासरू किंवा उकिरड्यावर जमलेल्या घारी त्याला जितक्या घातक, तितक्या मुरलेल्या वैमानिकाला नाहीत. विमानतळाच्या केंद्रबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर घाण टाकण्यास व जनावरे कापण्यास विमान नियमांनी बंदी घातली ती याच कारणासाठी. ज्या गावांच्या शिवारात धावपट्टी आहे तेथील सदस्यांनी कचऱ्याची जागा ठरविताना हे लक्षात घ्यावे.

एकट्याचे पहिले उड्डाण

या दिवसाची तारीख विद्यार्थ्याला आधी सांगत नाहीत. बाविसाव्या तासाच्या अखेरीस तीन वेळा चांगले उतरल्यावर मॅडमनी विमान धावपट्टीच्या बाजूस थांबवावयास सांगितले, पट्टा सोडला आणि त्या खाली उतरल्या. “एकच फेरी, सर. तुम्हाला जमतंय,” एवढे म्हणून त्यांनी दार लावले. मी त्या वेळी हँगरच्या सावलीत उभा होतो.

शेजारची जागा रिकामी झाली की असे हलके विमान लवकर जमीन सोडते आणि भराभर चढते. हे त्यांना ठाऊक होते, वजनाचा हिशेब त्यांनी अनेकदा केला होता. तरीही ते दचकले. वाऱ्याची पिशवी जेमतेम हलत होती. विमान डावीकडे वळले, धावपट्टीला समांतर उलट दिशेने गेले, लहान होत होत पुन्हा वळले. मॅडम कपाळावर हात धरून उभ्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या. सहा-सात मिनिटांचा हा प्रकार. उतरताना विमान एकदा किंचित तरंगले, थांबले, आणि मग मागची चाके टेकली.

इंजिन बंद करून ते खाली उतरले तेव्हा अभिनंदनासाठी पुढे झालेल्या मुलांना हाताने थांबवून त्यांनी आधी विमानाभोवती एक फेरी मारली. दोन्ही टायरांवरून हात फिरविला, चाकाच्या आधाराकडे वाकून पाहिले. मग तेथील अभियंता नोंदवही घेऊन आला. तो त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने नेहमीच्या सुरात विचारले, “काही स्नॅग?”

वैमानिकांच्या निरनिराळ्या हस्ताक्षरांत त्या रकान्यातील एक शब्द त्यांनी वीस वर्षे वाचला होता, आणि दर वेळी तो लिहिणाऱ्याने खरोखरच लक्ष दिले होते की नाही याची थोडी शंका घेतली होती. त्यांनी पेन मागून घेतले. क्षणभर विचार केला, इंजिनाकडे एकदा पाहिले, आणि लिहिले : ‘निल’.